दादा, तो बोल्ट आवळू दिला नाहीत म्हणून

दादा,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "ऑईल लेव्हल बघितलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून कळवतोय.

माझी ऑटोमॅटिक गिअरची गाडी तुमच्याकडे आणली तेव्हा "गिअरबॉक्स गेला, अख्खा बदला, कन्व्हर्टरसकट" हे दुसरीकडे ऐकून आलो होतो. कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारं ते गोल भांडं. तिथे कोणी डिपस्टिकसुद्धा बाहेर काढली नव्हती. तुम्ही मात्र आधी मला बोलतं केलंत. सकाळी थंड गाडीत रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग धक्का बसतो. आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन उगाच भुंकतं. हे मला दोन वेगळे आजार वाटत होते. तुम्ही म्हणालात, "या गिअरबॉक्सच्या डब्यात रिव्हर्स आणि तिसरा एकाच क्लचवर चालतात. आजार एकच आहे."

मग स्टॉल टेस्ट, म्हणजे गिअर टाकून, ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर, पाच सेकंदांच्या वर नाही. डी मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, आरपीएम जिथे थांबायला हवेत तिथेच थांबले, रिव्हर्समध्ये मात्र वर चढत गेले. डी ठीक म्हणजे कन्व्हर्टरमधला स्टेटर (तेलाचा प्रवाह वळवणारं, एकाच दिशेला फिरणारं चाक) धरतोय, हे तेव्हाच तुमच्या डोक्यात पक्कं झालं असणार. मला ते घरी जाऊन उमगलं.

गिअरबॉक्सच्या तळाचा पॅन उतरवला तर तेल तपकिरी, वासाला किंचित करपलेलं. चुंबकावर राखाडी मऊ लेप होता, पण पत्र्यासारखे चकाकते कण नव्हते. क्लचच्या ड्रममध्ये तुम्ही हवा सोडलीत, तर "धप" व्हायच्या ऐवजी नुसतं "फुस्स". पिस्टनचं रबरी सील नखाने दाबून दाखवलंत, बांगडीसारखं कडक झालं होतं, दाब तिथूनच गळत होता.

तरी कन्व्हर्टर टाकूनच द्यावा असं मी म्हणत होतो. वेल्ड केलेला डबा, आत काय चाललंय कसं कळणार? तुम्ही तो उलटा करून पांढऱ्या फडक्यावर तेल निथळवलंत आणि फडकं उन्हात धरून फिरवलंत. चकाकी नाही. त्याच्या हबवर, म्हणजे मधल्या नळीवर, नख फिरवलंत, सील बसतं तिथे खाच नाही. मग माझंच बोट आत घालायला लावलंत. स्टेटरच्या दातांना धरून एका बाजूला फिरवलं तर सरकलं, उलट बाजूला ठाम अडलं. लॉकअप (कन्व्हर्टर इंजिनाशी थेट जोडला जाणं) लागताना गाडी कधी थरथरली का, हेही तीनदा विचारलंत. आणि वर हेही सांगितलंत की धातूचे कण निघाले असते तर तुम्ही क्षणभरही विचार केला नसता. धुऊन ते सगळे निघत नाहीत आणि नव्या क्लचचा घास घेतात. कूलरच्या नळ्या तरीही धुवायला लावल्यातच. तेव्हा मला तो चिकटपणा वाटला होता, खरं सांगतो.

पण हे पत्र खरं तर शेवटच्या दिवसासाठी आहे. कन्व्हर्टरमध्ये ताजं तेल ओतून मी तो बसवला, गिअरबॉक्सचा डबा वर उचलला, आणि बेलहाउसिंग (डब्याचं पुढचं घंटेसारखं तोंड) इंजिनाला टेकेना. बोटभर फट राहिली. मी पाना लावला, म्हटलं बोल्ट घेतील ओढून. तुम्ही चहाचा ग्लास खाली ठेवून माझं मनगटच धरलंत. डबा परत खाली. कन्व्हर्टर दाबत हळूहळू फिरवायला लावलात. एकदा "टक" झालं, मी म्हटलं बसला. "अजून." पुन्हा "टक", आणि तो चांगला आत गेला. गिअरबॉक्समधल्या तेलपंपाच्या खाचेत तो आता शिरला होता. मघाशी आवळलं असतं तर पंपाचा गिअर तिथेच फुटला असता, आणि दोष मी जुन्या कन्व्हर्टरलाच दिला असता. दुसऱ्यांदा बेलहाउसिंग हाताच्या जोरावर टेकलं, आणि कन्व्हर्टरपासून फ्लेक्सप्लेटपर्यंत, म्हणजे इंजिनामागच्या चकतीपर्यंत, तीन मिलिमीटर मोकळे राहिले, तुमच्या पट्टीने मोजलेले.

आता थंडीतही रिव्हर्स टाकताक्षणी लागतो. तुमची ती स्टीलची पट्टी माझ्याच डिकीत राहिली आहे. रविवारी आणून देतो. आणि हो, ऑईल लेव्हल बघितली आहे, गरम इंजिनावर, चालू ठेवून.

तुमचा,
घाई करणारा