कोप्यांसाठी पाणी आणि आडोसा : ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. बीडकडच्या टोळ्या असतात, काही आपल्याच जिल्ह्यातल्या जतच्या. गेल्या हंगामात ग्रामसंघाच्या बायका तिथं गोळ्या आणि ओआरएसच्या पुड्या घेऊन गेल्या. आठ दिवसांनी तीच पोरं पुन्हा जुलाबानं आडवी. पिण्याचं पाणी ओढ्यातलंच, दुसरं काय होणार?

बायकांचं दुखणं निराळं. लघवीला जळजळ, ओटीपोटात कळा, ताप. एक जण म्हणाली, "ताई, दिवसभर पाणीच पीत नाय. पेलं की जायचं कुठं?" पहाटे अंधारात उसाच्या कडेला जावं तर बिबट्याची धास्ती, दिवसा फडात भोवती गडीमाणसं. मग पाणी तोडायचं, लघवी रोखून धरायची. पाळीच्या दिवसांतही तेच. गोळ्यांनी दुखणं दबतं आणि पुन्हा उठतं. खाडा केला तर मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून अंगावर काढायचं. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच सांगितलं, यांना आधी संडास द्या.

आर. आर. आबांनी २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हा आपण सगळे झाडू घेऊन राबलो होतो. हागणदारीमुक्तीची पाटी अजून वेशीवर आहे. कोप्या पाटीच्या पलीकडं, म्हणून त्या धरायच्या नाहीत, असं आपण सोयीनं ठरवून टाकलंय. ओढ्याचं पाणी मात्र पुढं आपल्याच मळ्यातल्या विहिरींत उतरतं.

यंदा टोळ्या यायच्या आत पत्र्याचे ६ संडास (४ बायकांसाठी), हजार लिटरच्या २ टाक्या आणि वाटेवर ३ सौरदिवे उभे करायचे आहेत. नळाची लाइन ग्रामपंचायत ओढेल, टाकीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) टाकायचं कामही आमच्याकडं.

ज्यांचा ऊस जातो त्यांनी टनामागं २ रुपये द्यावेत. एकरी ४० टन पडला तर ८० रुपये. तोडणीवाल्यांच्या खुशालीला आणि गाडीवाल्याच्या एंट्रीला वरकड पैसे म्हणून याहून कितीतरी जास्त जातात, हे तुम्हाला सांगायला नको. पैसे नसतील तर जुने पत्रे, अँगल, विटा चालतील. गवंड्यांनी दोन दिवस दिले तर फार बरं होईल. ओढ्याकडेची दोन गुंठे जागा हंगामापुरती कुणी देणार असेल, तर ती सगळ्यात आधी हवी आहे. त्यावाचून बाकीचं अडलंय.

पैसे ग्रामपंचायत कार्यालयातच द्यावेत आणि पावती घ्यावी. हिशेब शिमग्यानंतरच्या ग्रामसभेत वाचला जाईल.

आपले,
ग्रामपंचायत व महिला ग्रामसंघ
ता. वाळवा, जि. सांगली