जपानच्या परिवहन मंत्र्यांना खुले पत्र : हानेदा कुणाला आणि नारिता कुणाच्या माथी?

प्रति,
माननीय भूमी, पायाभूत सुविधा, परिवहन व पर्यटन मंत्री,
कासुमिगासेकी, टोकियो

महोदय, सादर नमस्कार.

आपल्या खात्याकडे जपानीत अर्ज केला की ‘केंतो शिमासु’, म्हणजे ‘विचार करू’, एवढं उत्तर मिळतं. म्हणून हे मराठीत. आपण वाचणार नाही हे उघडच आहे. आपली माणसं तरी वाचतील.

निमित्त परवाच्या रात्रीचं. उशिरा उतरलेले प्रवासी पुन्हा एकदा नारिता या टोकियोपासून लांबच्या विमानतळाच्या बाकांवर आडवे झाले. हानेदा हा शहराजवळचा विमानतळ. ऑक्टोबर 2019 पासून नारिताची ए धावपट्टी अकराऐवजी बारापर्यंत चालते. छान. पण टोकियोकडची शेवटची स्कायलाइनर, म्हणजे जलद रेल्वे, अकरा-सव्वाअकराला निघून जाते! इमिग्रेशन, पट्ट्यावरची बॅग, कस्टम्स यांत तास सहज जातो. सव्वादहानंतर चाकं टेकली की गाडी गेलीच म्हणून समजा. टॅक्सीला वीस हजार येनच्या वर मोजा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

‘जाल (जपान एअरलाइन्स) घेऊ की एएनए (ऑल निप्पॉन एअरवेज)?’ असं गावाकडून येणारा प्रत्येक जण विचारतो. खुर्ची, जेवण, इकॉनॉमीत 23 किलोच्या दोन बॅगा, सगळं उन्नीस-बीस. फरक आहे तो तिकिटावरच्या तीन अक्षरांत: एचएनडी म्हणजे हानेदा, एनआरटी म्हणजे नारिता. आणि टीवायओ दिसलं तर थांबा. तो नुसता शहराचा कोड. नारिताला उतरवून पुढचं विमान हानेदाहून जोडणारं तिकीट त्याखाली खुशाल विकलं जातं. मधली बस रस्ता मोकळा असला तरी तासाभराच्या वर घेते, साडेतीन हजार येनच्या आसपास पडते आणि बॅगा स्वतःच ओढायच्या. हाताशी चार तास नसतील तर ते तिकीट घेऊच नये.

हानेदातही डोकं शाबूत ठेवावं लागतं. देशांतर्गत जाल टर्मिनल 1 वर, एएनए 2 वर, परदेशी विमानं बहुतेक 3 वर. बॅगेला पुढच्या देशी विमानाचा, समजा सापोरोचा, टॅग असला तरी ती टर्मिनल 3 च्या पट्ट्यावरून उचलायची, कस्टम्समधून न्यायची, बाहेर पडताच कंपनीच्या ट्रान्सफर काउंटरवर परत द्यायची आणि मग फुकटची बस धरायची. टॅगवर विसंबून बॅग तिथेच सोडणारे सापडतातच. जुलै 2023 पासून एएनएची काही परदेशी विमानं टर्मिनल 2 वरूनच ये-जा करतात, त्यांच्या प्रवाशांचा बसचा फेरा वाचतो. जालवाल्यांना तो चुकत नाही.

आता हे कोण ठरवतं? कंपन्या नव्हेत, महोदय, आपलं खातं! हानेदाचे स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्या-उडवण्याच्या ठरलेल्या वेळा, आपण वाटता. 2010 साली जाल बुडाली, सरकारनं 35,000 कोटी येन ओतले. मग 2014 साठी हानेदाचे दिवसाचे परदेशी स्लॉट वाटताना एएनएला 11 आणि जालला 5. वाचवायचंही तुम्हीच आणि शिक्षाही तुम्हीच करायची. 2020 च्या वाटपात एएनएला साडेतेरा आणि जालला साडेअकरा. ते अर्धं विमान कुठलं, नाकाकडचं की शेपटाकडचं?

दिल्लीला दोन्ही कंपन्या हानेदाहून जातात. मुंबईला जालचं विमानच नाही. एएनएनं 2007 मध्ये छोट्या बोइंग 737 नं मुंबई सुरू केली ती नारिताहून, आणि मुंबईकराच्या नशिबी नारिताच राहिलं. बंगळूरचं जालही नारिताच. टोकियोतल्या निशिकासाई भागात मराठी घरं कमी नाहीत, पण वाटपाच्या टेबलावर आम्हाला कोण बसवतो?

तिथे नारिताच्या शेतकऱ्यांनाही कुणी बसवलं नव्हतं. 1966 साली मंत्रिमंडळानं नारिता विमानतळासाठी सानरिझुका गावाची जमीन परस्पर ठरवली. 1978 मध्ये विमानतळ उघडला तो पोलिसांच्या गराड्यात. बी धावपट्टी 2002 मध्ये 2,180 मीटरवरच उघडावी लागली, कारण पुढची जमीन मिळाली नव्हती. ती 2,500 व्हायला 2009 उजाडलं. आणि ‘परदेशी नारिताला, देशी हानेदाला’ हा स्वतःचाच नियम आपण 2010 मध्ये हानेदाला चौथी धावपट्टी आणि परदेशी टर्मिनल देऊन गुंडाळला. ज्यांच्या शेतांवरून तो नियम राबवला त्यांना काय सांगितलंत?

असो. मागणी साधी आहे: धावपट्टी बारापर्यंत, तर टोकियोची एक गाडी रात्री एकनंतर. केंतो नको, वेळापत्रक पाठवा.

आपले,
टोकियोतले काही मराठी प्रवासी