आधी कंदील

सांगली,
12 मे

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन माझ्याच खणात पडून आहे, म्हणून पत्र. आत्याच्या फोनवर दोनदा केला, दोन्ही वेळा ती म्हणाली, मनू झोपलीय. दुपारी साडेबाराला तू झोपत नाहीस. आत्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही, आवाज बारीक होतो तिचा. असू दे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण हे वाच. विनू परवा साताऱ्याला चाललाय, त्याच्याबरोबर पत्र आणि फोन दोन्ही पाठवतो.

रागावून लिहायचं नाही आणि पेवाचं, हळद साठवायच्या त्या जमिनीखालच्या खड्ड्याचं, नाव काढायचं नाही, अशा दोन गोष्टी ठरवून बसलोय.

त्या रात्री मी तुझ्या फोनमध्ये डोकं घालायला गेलो नव्हतो गं. चार्जिंगला लावायला उचलला तर व्हिडिओ उघडाच होता. आधी कळेना काय आहे ते. नुसता अंधार. मग बॅटरीचा गोल, त्या गोलात मातीची भिंत, भिंतीला चिकटलेला जुना पाला. वरून तुझ्या मैत्रिणीचा आवाज, "अजून थोडं खाली जा, पूर्ण तोंड येत नाहीये." मग कॅमेरा वर वळला आणि लांब वर, ताटलीएवढं आभाळ. ते बघितलं आणि माझे हातपाय गार पडले. आभाळ एवढंसं दिसतंय म्हणजे माझी पोरगी किती खाली आहे, याचा हिशोब मी मनातल्या मनात फुटांत करत होतो.

पुढचं तुला माहीत आहे. मी काय काय बोललो ते आठवलं तरी मान खाली जाते. "असले धंदे" हा शब्द मी वापरला. तुझ्या समोर बसून एकेक क्लिप निवडली आणि सगळं काढून टाकलं, नुसतं पेवातलं नाही, सगळं. तीन आठवड्यांचं काम. तू रडलीही नाहीस. सकाळी उठून बॅग भरलीस, आईला नमस्कार केलास, माझ्याकडे बघितलं नाहीस. मी स्टँडवर आलो होतो. तुला दिसलो नाही, कारण मी रसवंतीच्या मागं उभा होतो. गाडी पेठ नाक्याच्या बाजूला वळेपर्यंत थांबलो.

तुझा तो हळदीवरचा व्हिडिओ चांगला होत होता. हे मी आधी सांगायला हवं होतं. तू पहाटे माझ्याबरोबर मार्केट यार्डात आलीस, सौदे सुरू व्हायच्या आधी पोत्यांवर बसून राहिलीस, शेठ म्हणाले, "दिवाणजी, लेक तुमच्या जागी बसवा आता." मला काय वाटलं ते मी कुणाला बोललो नाही. मानांकनाचं ते वाक्य आठवतं? "2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं." चार वेळा म्हणून दाखवलं आणि चारही वेळा तू म्हणालीस, "बाबा, वाचल्यासारखं वाटतंय." पाचव्यांदा मी हळकुंड मोडून आतला रंग बघत बघत बोललो, रोज गिऱ्हाइकाला दाखवतो तसा, ते तू घेतलंस. पंचवीस वर्षं मी हळकुंडं मोडतोय. तो कट्‌ असा आवाज इतका स्वच्छ असतो, हे मला तुझ्या व्हिडिओत कळलं.

आणि हळद पॉलिश करायच्या ड्रमचं. तू मला डोळे मिटायला लावलेस. "काय ऐकू येतंय?" म्हटलं, ड्रम फिरतोय. "आता उघडा." उघडले तर पडद्यावर अजून शेतच होतं, हळद काढणाऱ्या बायका वाकलेल्या, आणि खाली ड्रमचा खडखडाट सुरू झालेला. मग चित्र बदललं. तू म्हणालीस, आवाज आधी येऊन दार वाजवतो, चित्र मागून आत येतं. हे तुला कुणी शिकवलं? मी तरी नाही. आईच्या घरी गाण्याचं थोडंफार होतं, तिकडून आलं असेल.

पहिला व्हिडिओ तुला आठवत नसेल, चौथीत होतीस. 2019 चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं आणि आपण गावभागातल्या घरात माडीवर अडकलेलो. 45 ला धोका म्हणतात, आणि आम्ही शहाणे, 2005 ला इथवर आलं होतं, त्याच्या वर कुठं येतंय, म्हणून बसून राहिलो. तू आईचा फोन घेऊन जिन्यात बसली होतीस. त्रेचाळीस सेकंदांचा आहे तो. गढूळ पाणी, त्यात आपली एक चप्पल गोल गोल फिरतेय, आणि आबांचा आवाज, "सातवी गेली... आता आठवी." पायऱ्या मोजत होते ते. मधेच एकदा चित्र जोरात हलतं. आई म्हणते नेटवर्कमुळं असेल. नेटवर्कमुळं नाही. तू चप्पल नीट दिसावी म्हणून वाकलीस आणि आबांनी फ्रॉकला धरून तुला मागं ओढलं, म्हणून ते हललं. मी वरून बघत होतो.

आबा गेल्यापासून तो मी किती वेळा बघितला असेन. त्यांचा आवाज आपल्याकडं तेवढाच आहे. तू नसतीस तर तोही नसता.

पण मनू, पेवात तुला मागून कुणी धरलं होतं?

काढायचं नाही म्हणत होतो, निघालं. आता निघालंच आहे तर सांगून टाकतो, कारण हे मी घरात कधी बोललो नाही, तुझ्या आईलासुद्धा अर्धंच माहीत आहे.

आबा हरिपूरच्या पेवांवर मुकादम होते, एवढं तू व्हिडिओसाठी लिहून घेतलंस. पेव वीस-पंचवीस फूट खोल, तोंड अरुंद, आत पोट मोठं, आतून शेणानं सारवलेलं, खाली-बाजूनं पाला, हळद भरली की तोंड मातीनं बंद, हेही लिहून घेतलंस. हळद वर्षानुवर्षं राहते, कीड लागत नाही, हे तू फार कौतुकानं लिहिलंस. का लागत नाही, ते विचारलं नाहीस. आत हवा उरत नाही म्हणून. जी हवा किड्याला जगू देत नाही ती माणसाला देईल का?

मी अकरा वर्षांचा होतो, दिवाळीची सुट्टी. आबांचा डबा घेऊन चिंचेच्या झाडांखालून सायकल हाणत गेलो. पेव सकाळी उघडलेलं, आबा संगमेश्वराला जाऊन येतो म्हणून गेले होते आणि एक हमाल थांबायला तयार नव्हता, त्याला दुपारच्या आत माल काढून घरी जायचं होतं. उतरला. दोन हाका दिल्या, उत्तर आलं. तिसरीला आलं नाही. आबा धावत आले, चौघांनी मिळून दोरानं वर काढला. जगला तो, देवाची कृपा. पण मला त्याचा चेहरा आठवत नाही, मला आबांचे हात आठवतात. नंतर डबा उघडून बसले आणि भाकरीचा तुकडा मोडता येईना त्यांना, हात इतके थरथरत होते. मी मोडून दिला. त्याआधीही ते कंदील सोडायचेच, दोरीला बांधून तळापर्यंत. विझला की तोंड उघडं ठेवून थांबायचं, पुन्हा सोडायचा, तळाशी जळत राहिला तरच माणूस. त्या दिवसानंतर मात्र घरातसुद्धा, अंधाऱ्या खोलीत जायचं झालं तरी म्हणायचे, "आधी कंदील."

तू उतरलीस त्या पेवाला तर धनीच उरला नाही. 2005 च्या पुरात भिजून गेलेली ती पेवं, भिंतीची माती कधी सुटेल भरवसा नाही. तुम्ही तिघी, वर दोघी पोरी, आणि दोर म्हणून कुणाची तरी ओढणी. ओढणी, मनू.

पुरे. पुन्हा तेच सुरू झालं. माफ कर.

अभ्यासाचंही मी बोलणार नाही. निकाल लागायचाय, अकरावीचं बघू, तुला जे घ्यायचं ते घे. फक्त रात्री दीड-दीडपर्यंत त्या एवढ्याशा स्क्रीनवर क्लिपा कापत बसतेस, डोळे लाल होतात. तूच सांगितलंस ना जेवताना, दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोज एकेक चित्र घेतलं आणि मग वेल भराभर वाढताना दाखवला. त्याच माणसाचे डोळे जायची वेळ आली होती, तेही तूच सांगितलंस, पण घाईघाईनं. आईनं मात्र त्यातलं तिसरंच धरलं. सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोकं पाडायच्या, हे ऐकल्यापासून ती तुझ्यासाठी थर्माकोलचा पत्रा धरून उन्हात उभी राहायला लागली. आजीच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून परवाच्या उन्हात वीस मिनिटं उभी होती ती, पाठ दुखत असताना. मी तिला काही बोललो नाही. आता दोघींपुढं माझं काय चालणार? आणि खरं सांगू, चालू नये असंच वाटतं.

आत्या म्हणाली, तू प्राचीच्या फोनवर अजिंक्यताऱ्यावरून सूर्योदयाचा टाइमलॅप्स घेणार आहेस. घे. चांगला होईल. कठड्यावर फोन ठेव, तू बसू नकोस. आणि पहाटे अंधारात चढू नका, भाऊजींना बरोबर घ्या. फ्रेममधून बघताना पायाखालचं दिसत नाही, एवढीच माझी भीती आहे. तुला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही, कबूल. पण त्या वेळी तुला जमीन दिसत नाही.

आता एक चांगली बातमी. शेजारच्या मोबाइलवाल्या पोराकडं गेलो होतो. तो म्हणाला, काका, गॅलरीतून काढलं म्हणजे गेलं नाही, तिथं ट्रॅश म्हणून कप्पा असतो, 30 दिवस राहतं त्यात. पॅटर्न आईला माहीत होता. त्यानं दाखवलं तसं एकेक परत आणलं. एकेचाळीस क्लिपा आहेत, मोजून घे. ती पेवातलीही आणली. तिच्यावर बोट थांबलं होतं माझं, पण तुझी आहे, ठेवायची की नाही ते तू बघ. तू क्लिपा जोडतेस ते काईनमास्टर उघडून बघितलं. आधी नुसते रिकामे चौकोन होते, आता चित्रं दिसतायत. बाकी कशाला हात लावला नाही.

आणखी एक केलंय. माळ्यावरून आबांचा कंदील काढला. काच राखेनं घासली, वात नवी घातली, जळतो नीट. हरिपुरात आमच्या ओळखीच्यांचं एक पेव अजून धड आहे, परवा बोलून आलो. रविवारी सकाळी तोंड उघडून देतो म्हणाले. दुपारपर्यंत थांबायचं, मग कंदील सोडायचा. मला वाटतं तुला तो उजेड हवा आहे, खाली खाली जाणारा आणि तळाशी टिकून राहणारा. वरूनच मिळेल तो. तोंडाशी पालथी पड, फोन आत धर, तुझी कंबर मी धरतो. चित्र हललं तर हललं.

शनिवारपर्यंत ये. आत्याकडून कंदी पेढे आण, आईला हवेत. एसटीत खिडकीबाहेर फोन काढून शूटिंग करू नकोस.

ते खोलीच्या आवाजाचं राहिलंच. आबांच्या खोलीतली नुसती शांतता अर्धा मिनिट हवी, असं तू म्हणत होतीस आणि घरात कधी कुणी गप्प बसत नव्हतं. काल रात्री पंखा बंद करून तुझ्या फोनवर घेतलीय. पस्तीस सेकंद आहेत. मधे एकदा पाल चुकचुकते. चालेल का ते कळव, नाहीतर आज पुन्हा घेतो.

तुझा,
बाबा