नाव न सांगता दाखवलेला सिनेमा

लंडन, बुधवार रात्र

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार.

फोन मी आपटला होता, तेव्हा पत्रही मीच लिहायला हवे होते. तरी दिवाळीला तूच लिहिलेस आणि त्याचेही उत्तर मी दिले नाही. सबब काही नाही. रक्तदाब गोळीवर आहे, गुडघा जिन्यापुरता कुरकुरतो. प्रकृतीचे एवढे पुरे. आज लिहायला बसले ती परवा सोमवारी जे झाले त्यामुळे. ते दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात!

इथल्या ओडियन थिएटरांतल्या ‘स्क्रीन अनसीन’विषयी तुला मागे कळवले होते. प्रदर्शनाआधीच एखादा सिनेमा दाखवतात, पण कोणता ते सांगत नाहीत. तिकीट स्वस्त असते आणि चित्रपट कोणत्या वयाच्या प्रेक्षकांसाठी आहे ते कळते, त्यावरून शहाण्यांनी तर्क लढवत बसावे. जाहिराती संपल्या की प्रमाणपत्राची काळी पाटी पडद्यावर येते, आपल्याकडच्या सेन्सॉर सर्टिफिकेटाची धाकटी बहीणच ती, आणि तिच्यावर एकदाचे नाव दिसते. त्या क्षणी कोणी टाळ्या वाजवतो, कोणी मोठा सुस्कारा सोडतो, आणि दोन-चार जण कोट उचलून सरळ चालू लागतात. मी आजवर एकदाही उठलेली नाही. तुझ्या धाकाने म्हण हवे तर.

धाक कसला, ते तुला आठवत असेलच. १९८५च्या उन्हाळ्यात, फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या रसास्वादाच्या वर्गात, सिनेमा सुरू होण्याआधी वाटलेला सायक्लोस्टाइल कागद मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढायची आणि बाहेर आंब्याखाली चहा पिताना त्यातलीच वाक्ये माझी म्हणून ऐकवायची. एके दिवशी तू तो कागद माझ्या हातून ओढून घेतलास, त्याचे विमान केलेस, पुढच्या रांगेत सोडलेस आणि वर विचारलेस, “तुला सिनेमा आवडतो की कागद?” ते विमान ज्यांच्या टकलावर उतरले त्यांनी मागे वळून माझ्याकडेच पाहिले, याबद्दल तू अजून माफी मागितलेली नाहीस. पण प्रश्न घर करून राहिला. न सांगता दाखवलेल्या सिनेमांना मी जाते ती त्यासाठीच: तिथे हातात कागद नसतो.

तर परवा. सिनेमाचे नाव लिहीत नाही, कारण तू लगेच परीक्षणे शोधशील (नाही शोधणार म्हणतेस, पण या बाबतीत माझा कोणावरच विश्वास उरलेला नाही). त्यात एक म्हातारा भाड्याची खोली सोडताना भिंतीवरचे खिळे एकेक करून उपटतो, वाकडे झालेले ठोकून सरळ करतो आणि औषधाच्या रिकाम्या डबीत भरतो. फारसे संवाद नाहीत, संगीत तर नाहीच. मला आमच्या वाड्यातले अण्णा आठवले आणि मी इतकी रडले की शेजारच्या अनोळखी बाईंनी न बोलता कागदी रुमालांचे अख्खे पुडकेच माझ्या मांडीवर ठेवले. बाहेर पडताना आमच्या मागे दोन तरुण मुले त्या खिळ्यांची नक्कल करून खिदळत होती, “आता रडा, असा हुकूमच सोडला होता” असे काहीसे म्हणत होती. तेवढ्यात त्या बाईंनी मला विचारले, “कसा वाटला?” आणि नंदा, हातात तो ओला रुमाल असताना मी म्हणाले, “जरा भावुकच झाला, नाही?”

त्यांचा चेहरा पडला. “हो, असेल,” एवढेच म्हणून त्या जिना उतरून गेल्या. त्यांना तो आवडला होता हे उघड होते, आणि मी माझ्याबरोबर त्यांचाही सिनेमा नासवला.

माझा नियम तुला माहीत आहे: घरी जाताना बसमध्येच वहीत मत लिहायचे, तोवर फोन उघडायचा नाही. परवा बसमध्ये वही उघडून बसले आणि एक शब्द सुचेना. रडले ती मी खरी, की जिन्यावर बोलली ती खरी? शेवटी मागची पाने चाळली, आणि तिथे तर माझी अब्रूच गेली. दर ऑक्टोबरात लंडनच्या चित्रपट महोत्सवात एक खेळ असाच नाव गुप्त ठेवून करतात, त्याच्या नोंदी होत्या. २०१७ साली ‘लेडी बर्ड’ निघाला होता. आईशी भांडता भांडता मुलगी चालत्या गाडीतून उडी टाकते, तो. आज मी भेटेल त्याला सांगते की हा माझा आवडता सिनेमा. वहीत काय लिहिले आहे? “साधारण. आईचे काम चांगले.” २०१९च्या ‘अनकट जेम्स’खाली दोनच शब्द आहेत, “डोके दुखले”, आणि पुढे वर्षभर मी त्या गोंगाटाच्या कलात्मक प्रयोजनावर लोकांना व्याख्याने देत होते.

आणि मधला २०१८चा ‘ग्रीन बुक’. त्याने महिनाभर आधीच टोरांटोला प्रेक्षकांचे पारितोषिक मिळवले होते, पण मला त्याचा पत्ता नव्हता. त्या रात्रीइतकी मोकळी मी थिएटरात कधीच हसले नसेन. ड्रायव्हर कोंबडीची हाडे खिडकीबाहेर फेकतो, मग पेयाचा कपही भिरकावतो, आणि पुढच्याच दृश्यात तो कप उचलण्यासाठी गाडी उलटी मागे येते: यावर तुला मी चार पाने लिहिली. पुढे फेब्रुवारीत त्याला ऑस्कर मिळाले, टीकाही झाली. काळ्या पियानोवादकाची कथा गोऱ्या ड्रायव्हरच्या नजरेतून सांगितली आहे, लेखकांपैकी एक त्या ड्रायव्हरचाच मुलगा आहे, पियानोवादकाच्या नातेवाइकांना चित्रण मान्य नाही. हे आक्षेप मला पटले आणि आजही पटतात. मत बदलले याची मला लाज नाही. पण “मला तो पहिल्यापासूनच खटकला होता” असे मी फोनवर तुला सांगितले, तुला, जिच्या कपाटात ती चार पाने आहेत! तू ती आणून त्यातले “असा आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता” हे वाक्य शांतपणे वाचून दाखवलेस, आणि मी फोन आपटला. तू दुष्टपणा केलास असे मी तेव्हा म्हटले. केलासच, वाचताना तू माझ्या आवाजाची नक्कलही केलीस. पण वाक्य माझेच होते.

मला छळते ते हे की कागद काढून घेतला म्हणून माझे काही सुटले नाही. पूर्वी मत उसने घ्यायला निदान एक छापील पान लागत असे. आता पाठीमागून आलेले हसणे पुरते. आणि वय वाढले की माणूस लोकांची पर्वा करीत नाही म्हणतात, ते कोणाचे वाढल्यावर?

तुझ्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे काय झाले? सही घाईने करू नकोस. चिन्मयच्या लग्नाची तारीख ठरली की आधी मला कळव, तिकिटे फार महाग होतात. तुझ्या मोतीबिंदूचे छान झाले असे माईंकडून कळले. म्हणजे आता पडद्यावर काय चालले आहे हे मला विचारावे लागणार नाही.

कालच्या दिवसात वहीत अखेर नोंद केली: “खिळे. फार रडले. बाहेर येऊन खोटे बोलले.” पुढच्या सोमवारी पुन्हा तसाच खेळ आहे. त्या बाई दिसल्या तर त्यांच्याशी बोलायचे ठरवले आहे. त्यांचे नावही मला ठाऊक नाही, पण पुडके अजून माझ्या पर्समध्ये आहे.

तेवढी ‘ग्रीन बुक’वरच्या त्या चार पानांची झेरॉक्स पाठव. मूळ पत्र पाठवू नकोस, मी फाडून टाकीन.

तुझी,
सुमन