तोफ शेवटी वाजव

ठाणे,
रविवार

प्रिय नंदू,

टर्नटेबल आलं, जोडलं आणि पहिल्याच संध्याकाळी तुझा निरोप, "झकास वाजतंय!" वाजणारच. नवीन यंत्रावर जो तो आपली लाडकी रेकॉर्ड लावतो, आणि तिचंही पहिलंच गाणं. तबकडीच्या कडेला कुठलीही सुई सुखात असते रे. यंत्राची परीक्षा घ्यायची तर लेबलाजवळच्या शेवटच्या इंचात घ्यायची.

हिशोब साधा आहे. फेरे मिनिटाला 33⅓, कडेलाही तेवढेच आणि आतही तेवढेच. पण कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम 21. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला. त्यात आपल्या ख्यालाची तऱ्हा अशी, की विलंबित सगळं ऐसपैस कडेला, आणि द्रुत, ताना, तराणा आत, जिथे जागाच नाही तिथे. साहेबाच्या सिंफनीचंही तेच, सगळा दंगा शेवटी. म्हणून बाजू संपत आल्यावर गायकाचा आवाज खरखरीत झाला तर बिचाऱ्या गायकाला बोल लावू नकोस.

रेकॉर्डी लावण्याआधी दोन कामं कर. पहिलं, सुईचा दाब. तुझं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला तो छोटा डबा, ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम 95 ई आहे, त्याला 2 ग्रॅम सांगितलेत. तेवढेच दे, आणि टोनआर्मवरच्या (सुई धरणाऱ्या दांड्यावरच्या) आकड्यांवर विसंबू नकोस, छोट्या डिजिटल काट्यावर मोज. "दाब कमी म्हणजे रेकॉर्डची काळजी" असं सांगणारे भेटतील. खरं उलट आहे. हलकी सुई जोरकस जागी खाचेची भिंत सोडून उडते आणि परत आदळते. ते ओरखडे कायमचे.

दुसरं, वेग. वेग तपासायची स्ट्रोबची चकती येते, वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली तिच्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात. ती घेशील ती 50 हर्ट्झची घे, 33⅓ साठी तिच्यावर 180 रेघा असतात. अमेरिकन चकतीवर 216, ती इथे कामाची नाही. आणि ती एलईडी दिव्याखाली धरून बसू नकोस, पुष्कळ एलईडी लुकलुकतच नाहीत, मग रेघा कशा थांबणार? जुनी चोकवाली ट्यूबलाईट असेल तर तिच्याखाली बघ. आपल्या विजेची फ्रिक्वेन्सीही बरोब्बर 50 वर बसलेली नसते, थोडी मागेपुढे होते, त्यामुळे रेघ अगदी हळू सरकली तर जीव खाऊ नकोस.

पण वेग डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळतो. त्यासाठी तानपुऱ्यासारखं दुसरं काही नाही. चार तारा, तेच स्वर, गाणं सुरू व्हायच्या आधी आणि मधल्या शांततेत. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, जरा डगमगला की जोडीच्या तारा आळीपाळीने उतरल्या-चढल्यासारख्या वाटतात. भोक मध्यावर नसेल तर तो हेलकावा दर फेरीला एकदा, म्हणजे पावणेदोन-दोन सेकंदांनी येतो. तो रेकॉर्डचा दोष. अधूनमधून, ताल सोडून येत असेल तर प्लॅटर फिरवणारा पट्टा सैल झालाय का बघ.

आता खऱ्या परीक्षेच्या रेकॉर्डी. 'कॉल ऑफ द व्हॅली' तुझ्याकडे आहेच. 1967 ची, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा. दुसऱ्या बाजूचा शेवटचा पहाडी लाव. संतूरच्या तारेवर कलम पडते तो क्षण ऐक. आधी टोकदार 'टक', मग तारेची गुंज. चांगल्या जुळणीत हे दोन्ही वेगळे ऐकू येतात, आणि कलमांची सरबत्ती सुरू झाली तरी एकेक ठोका मोजता येतो. जुळणी बिघडलेली असेल तर टोकाचा काचेसारखा चरचराट होतो. बासरीचा लांब स्वर मात्र त्याच बाजूला सरळ येतोय का बघ, म्हणजे दोष कुठे ते समजतं.

मग भीमसेनजींच्या अभंगांची एलपी. वर टाळांची किणकिण अखंड, खाली पखवाजाची थाप, आणि मध्ये तो आवाज. सुईला एकाच वेळी बारीक थरथर आणि मोठी हालचाल करावी लागते. टाळ 'फस्स' होऊन पसरले, की समजायचं सुई दमली. आणि एखाद्या गायिकेच्या भावगीतात 'स', 'श' थुंकल्यासारखे उडतात का तेही बघ, शेवटच्या गाण्यात.

चरचर फक्त उजव्या स्पीकरमधून येत असेल तर अँटिस्केट, म्हणजे आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारा ताण, थोडं वाढव. आर्म आत ओढला जातो, सुई आतल्या भिंतीला, म्हणजे डाव्या चॅनेलला टेकून राहते आणि बाहेरची सोडते. दोन्हीकडे असेल तर आधी सुई पूस, मग दाब, मग प्रोट्रॅक्टरने (कोन जुळवायच्या छापील मापाने) कार्ट्रिजचा कोन. सगळं करूनही त्याच ओळीला खरखर उठली, तर रेकॉर्ड झिजलीय. कुणीतरी ती पाच-सहा ग्रॅमच्या सिरॅमिक सुईने वर्षानुवर्षं घासली असणार. तिथे तुझा आर्म निर्दोष.

आणि आता ती तोफ, जिच्यासाठी तू मला भंडावून सोडलंयस. टेलार्क कंपनीची, चायकोव्हस्कीची '1812', सिनसिनाटी सिंफनी आणि एरिक कुन्झेल, 1978 चं डिजिटल रेकॉर्डिंग. तोफा खऱ्याखुऱ्या. दिव्याखाली तिरकी धरलीस तर त्या जागची खाच नागमोडी गेलेली नुसत्या डोळ्यांना दिसते. कव्हरवर इशाराही छापलाय. ती लावताना आवाज पहिल्यांदा अगदी बारीक ठेव. स्पीकर घरचे आहेत आणि वरच्या मजल्यावर शेजारी आहेत. सुई उडाली म्हणून हिरमुसू नकोस. तोफेत पास होणारं कार्ट्रिज टाळात नापास झालेलं मी पाहिलंय. माझं मत विचारशील तर रोज ऐकायचं काय, टाळ की तोफ? पाहुण्यांसमोर मिरवायला मात्र तोफच, ते कबूल.

काटा आणि छापील प्रोट्रॅक्टर कुरियर करतोय. प्रोट्रॅक्टरवर मधल्या खुंटीपासून 66 आणि 121 मिलिमीटरवर खुणा आहेत, दोन्हीकडे कार्ट्रिज छापलेल्या रेघांच्या जाळीशी समांतर हवं. कोन जुळेपर्यंत स्क्रू पूर्ण आवळू नकोस, आणि शेवटी आवळताना ते हमखास फिरतं, तेव्हा परत बघ. पहाडी कसा वाजला ते लिही, आणि कुठल्या स्पीकरमधून चरचरला तेही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण