बॅनरवरची ती एक ओळ

संपादक साहेब, नमस्कार.

घोडबंदर रोडला आमच्या घराजवळच्या टर्फवर पुढच्या महिन्यात अंडरआर्म टूर्नामेंट आहे. पोरगा नाव द्यायला गेला तर आधी आडनाव विचारलं, मग बॅनरवरची खालची ओळ दाखवली, 'फक्त समाजबांधवांसाठी'. रोज एकत्र खेळणारे चार जण, तिघं टीममध्ये आणि हा बाहेर. घरी आला, बॅट दारामागे टेकवली, जेवला पण नाही नीट.

कोणी म्हणेल आपल्याकडे क्रिकेट सुरूच असं झालं, आणि ते खरंय. मुंबईत पारशांनी १८४८ ला ओरिएंटल क्लब काढला, १८६६ ला हिंदूंचा बॉम्बे युनियन, मग गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती युनियन, तेलुगू यंग क्रिकेटर्स, मंगळुरी कॅथलिकांचा वेगळाच, म्हणजे कुठे धर्म, कुठे जात, कुठे भाषा. वर्गणी देणारे आपलेच असायचे, आणि सरकारने जागा दिल्या त्याही समाजाच्या नावाने, पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने आजही मरीन ड्राइव्हला एका रांगेत आहेत. समाज नसता तर मैदान मिळालं नसतं हे मला मान्य आहे.

पण त्याची किंमत कोणी दिली ते पण बघा ना. बाळू पालवणकर दलित, हिंदूंच्या टीमचा सगळ्यात भारी बॉलर, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर विकेट काढल्या, तरी पुण्यात त्यांना चहा तंबूच्या बाहेर मातीच्या भांड्यात द्यायचे. हिंदूंचं कॅप्टनपद त्यांना कधीच दिलं नाही, धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं ते १९२३ ला. आणि विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून पंचरंगीत, म्हणजे धर्मावरून टीम पाडलेल्या मुंबईच्या स्पर्धेत, 'द रेस्ट' म्हणजे उरलेल्यांच्या टीमकडून खेळले. १९४३ च्या फायनलला हिंदूंविरुद्ध फॉलोऑन मिळाल्यावर टीमच्या ३८७ मधले ३०९ एकट्याचे, भाऊ विवेक समोर उभा राहिला म्हणून ३०० ची पार्टनरशिप झाली, त्यात विवेकचे २१! हा माणूस पुढे भारताचा कॅप्टन झाला, तेव्हा कोणी धर्म विचारला नाही.

ती पंचरंगी स्पर्धा १९४६ ला बंद झाली. आम्ही २०-२० मजली टॉवरमध्ये सगळे एका लिफ्टने खाली उतरतो आणि टर्फच्या गेटवर पुन्हा आडनाव सांगायचं?

आयोजक ओळखीचे आहेत, मुलांसाठी खिशातले पैसे घालतात, म्हणून मुद्दाम कोणाचं नाव घेत नाही. रजिस्ट्रेशन रविवारपर्यंत चालू आहे. तेवढी एक ओळ काढा, प्लीज.

– एक पालक, ठाणे पश्चिम