फाइल सजवा, पण ती उघडझाप झाली पाहिजे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शनिवारच्या पुरवणीत घरच्या घरी करायच्या वस्तूंचं पान येतं ते मी न चुकता वाचते, आणि मागे त्यात साध्या बॉक्स फाइल, परीक्षेचं पॅड, पेन स्टँड असल्या स्वस्तातल्या स्टेशनरीला सजवायच्या आयडिया आल्या होत्या तेव्हा तर फार बरं वाटलं. कारण शंभराच्या आत मिळणारी फाइल घरातल्या चिंध्या लावून इतकी देखणी होते की प्रदर्शनात तसलीच चौपट भावाला विकायला ठेवलेली असते. पण खरं सांगायचं तर फोटोतल्या निम्म्या वस्तू वापरता येणार नाहीत अशाच होत्या. स्टेपलरवर ग्लू गनने मोती, पॅडच्या क्लिपवर ग्लिटर, फाइलवर थर्माकोलची फुलं. आता मोती चिकटवलेला स्टेपलर दाबणार कसा? आणि फुलं लावलेली फाइल कपाटात दुसऱ्या फाइलींना खेटून उभी राहणार कशी? ऑफिसातली वस्तू कामाची असते, सजवल्यावरही ती कामाचीच राहिली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

बॉक्स फाइलचंच घ्या. बाजारातली काळी-करडी अबरी कागदाची फाइल, तिला खणाचं कापड फार शोभतं, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा जुना खण असेल तर काठ बरोबर फाइलच्या पाठीवर उभा घ्यायचा. पण खण कापला की लगेच उसवतो, म्हणून जिथे कापायचं तिथे आधी पाणी घातलेल्या फेविकॉलची बारीक रेघ ओढायची, वाळू द्यायची आणि मग त्या रेघेवरूनच कात्री चालवायची, एक दोरा सुटत नाही. दुसरं म्हणजे कापड पातळ असेल तर त्याला मागून पांढरा पातळ कागद मैद्याच्या खळीने चिकटवून वाळवून घ्यायचा, नाहीतर फेविकॉल वर झिरपतो आणि डाग पडतात ते कधीच जात नाहीत. पतंगाचा रंगीत कागद अजिबात नको, ओला झाला की रंग सोडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच व्हिडिओत कोणी नीट सांगत नाही, ते म्हणजे फाइल उघडी पसरून त्यावर कापड ताणून लावायचं नाही! दिसायला सोपं वाटतं पण फाइल मिटताना बाहेरच्या कोपऱ्यावर कापड कमी पडतं, मग एकतर ते सुटतं नाहीतर झाकण पूर्ण मिटतच नाही. फाइल मिटलेली ठेवायची, गोंद कापडाला न लावता पुठ्ठ्याला लावायचा, आधी पाठ चिकटवायची, मग चमच्याच्या मागच्या बाजूने सांध्याची खाच दाबून घ्यायची आणि नंतर दोन्ही बाजू. बोट घालून ओढायचं जे कडं असतं तिथे कापडाला फुलीसारखा छेद देऊन टोकं आत वळवायची. कडेने इंचभर कापड आत घ्यायचं आणि आतून कागद लावायचाच, कारण एकाच बाजूला चिकटवलं की वाळताना पुठ्ठा त्या बाजूला ओढला जातो आणि फाइल वाकडी होते. मग रात्रभर जाड पुस्तकांच्या वजनाखाली.

खळीबद्दलही लिहा ना कधीतरी. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईतो घोटायचं, गाळून घ्यायचं, झाली खळ. बाइंडिंगवाले कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात पण ते विषारी असतं, घरात मुलं असतील तर मोरचूद नकोच, थोडीच करावी आणि दोन दिवसांत संपवावी. आमच्याकडे माणदेशात तर घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे हे ज्ञान आपल्या घरांत आहेच की, त्यासाठी परदेशी गोंदाची बाटली मागवायची काय गरज? कागदपत्रं कापडात जपणं तरी आपल्याला कुठे नवीन आहे, पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधूनच ठेवलेत.

ग्लिटरचं तर मला राहून राहून वाईट वाटतं. ते म्हणजे बारीक प्लॅस्टिकच असतं, केर काढून जात नाही, मोरीतून थेट नदीत जातं. युरोपात सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरची विक्री ऑक्टोबर 2023 पासून बंद केली, आणि आपल्याकडे 2018 साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तरी आपण पोरांना अजून तेच शिकवतोय. चमक हवीच असेल तर पंचिंग मशीनच्या तळाशी साचलेल्या टिकल्या घ्या, जुन्या लग्नपत्रिकांना पंच केलं की सोनेरी-लाल टिकल्या फुकट मिळतात, पेन स्टँडवर त्या एकेक लावत बसायला लहान मुलांनाही आवडतं.

परीक्षेच्या पॅडवर वारली काढायची पद्धत आलीय, छान दिसते, गेरूचा हात देऊन वर पांढऱ्या पोस्टर कलरने. फक्त लग्नातला देवचौक तेवढा पॅडवर काढू नये असं मला वाटतं, ते वारली लोकांच्या पूजेचं आहे. भात लावणी, तारपा नाच, ताडाची झाडं, काढायला पुष्कळ आहे. क्लिपला रंग द्यायचा तर आधी पॉलिश पेपरने घासून ऑइल पेंट, साधा पोस्टर कलर पत्र्यावर टिकत नाही, आणि स्प्रिंगला रंग लावूच नये, क्लिप घट्ट होऊन बसते.

तर विनंती एवढीच की त्या पानावर पाच वस्तूंचे पाच फोटो देण्यापेक्षा एकच वस्तू घ्या, तिची मापं सेंटिमीटरमध्ये द्या, आणि सामान कुठे मिळतं तेही लिहा, पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि बोहरी आळी, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट, हे शहरातल्यांना माहीत असतं पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावच्या बायकांना कोण सांगणार? आणि फाइल तयार झाल्यावर मिटलेली कशी दिसते, कपाटात उभी कशी राहते, तो फोटो जरूर छापा.

आपली,
एक वाचक, दहिवडी, जि. सातारा